अकरा जेवणांमधली एलन

पत्र आलं तेव्हा मी डेप्टफर्डला बहिणीच्या घरी बटाटे सोलत बसले होते. फ्लोरीनं ते दारातून आणलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाली, "केझी, कागद जाड आहे. जाड कागदावर नकारच येतो."

तिचं अर्धं बरोबर होतं. पत्र मिस डनबार यांचं होतं. मुलींच्या एका कॉलेजच्या वसतिगृहाच्या त्या प्रमुख. त्यांना कारभारीण हवी होती. चाळीस मुली, चार मोलकरणी, एक स्वयंपाकीण आणि चादरी-टॉवेलांनी भरलेली एक अख्खी खोली, या सगळ्यावर नजर ठेवायची. राहायला स्वतंत्र खोली, तिला आतून कडी. आणि जाहिरातीच्या शेवटी एक ओळ होती, तिच्यासाठीच मी अर्ज केला होता: कारभारणीला कॉलेजचं ग्रंथालय वापरता येईल. बाकी काहीच दिलं नसतं तरी मला चाललं असतं.

मिस डनबार लिहीत होत्या: 'आपण १९०८ ते १९१७ अशी नऊ वर्षं केन्सिंग्टनला मिसेस क्विल्टर यांच्या घरी दिवाणखान्याचं काम करीत होतात आणि तिथे आपणास एलन म्हणत, असं आपण कळवलं आहे. मिसेस क्विल्टर यांची कादंबरी मी वाचली आहे. त्यामुळे आणखी चौकशीची मला खरं तर गरज वाटत नाही. तरीही अन्याय नको म्हणून येत्या गुरुवारी मी त्यांच्याकडे जाईन तेव्हा प्रत्यक्ष विचारीन. फार आशा ठेवू नये.'

आमच्याकडे नोकराची अब्रू नोकराजवळ नसते. ती मालकिणीच्या टेबलाच्या खणात असते. तिनं दाखला लिहून दिला तर पुढचं दार उघडतं. नाही दिला तर कुठलाही कायदा तिला विचारायला येत नाही. मला तिनं दिला नव्हता. सतरा साली मी आठ दिवसांची सूचना दिली आणि तोफगोळ्यांच्या कारखान्यात गेले. तिथे दुप्पट पगार होता आणि कुणी घंटा वाजवून बोलवत नव्हतं. दारूच्या भुकटीनं माझे केस पुढून पिवळे झाले ते तसेच राहिले. लढाई संपली, कारखाना बंद झाला, मग पाच वर्षं कपड्यांच्या धुलाईत आणि रेल्वेच्या खानावळीत काढली. तिथे दाखला लागत नाही, पाठ लागते.

आणि एलन हे माझं नाव नाही. मिसेस क्विल्टर यांच्या आईकडे एलन नावाची एक बाई होती आणि ती म्हणे फार चांगली होती. म्हणून त्या घरात दार उघडणारी, टेबल वाढणारी, चहा देणारी जी कुणी येईल ती एलन. माझ्याआधी दोन होऊन गेल्या होत्या. मी असताना त्या घरात एकामागून एक तीन कुत्री झाली. तिघांना तीन वेगवेगळी नावं होती.

आता त्या कादंबरीबद्दल. तिचं नाव मी लिहिणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? सार्वजनिक वाचनालयातून आणून मी ती दोनदा वाचली आहे. तिच्यात अकरा प्रकरणं आहेत आणि प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्रीचं जेवण. एकच टेबल, तीच सहा माणसं. कुणी फारसं बोलत नाही. लिओनोरा मीठ मागते, आणि मीठ तिच्यापर्यंत पोचेस्तोवर चार पानं ती नवऱ्याच्या मित्राच्या मानेचा विचार करते. ही कसला विचार करत असेल, याचा विचार नवरा करतो. नणंदेला दोघांच्याही मनातलं कळतं आणि ती ताटातल्या वाटाण्यांकडे बघत बसते. खोटं कशाला बोलू, बाई लिहिते चांगलं. ही माणसं तोंडानं हवापाण्याच्या गप्पा मारत टेबलाखालून एकमेकांचे लचके कसे तोडतात, ते तिनं बरोबर पकडलंय. मी नऊ वर्षं त्याच खुर्च्यांच्या मागे उभी होते. प्रत्येक लचका खरा आहे.

पण अकरा जेवणं होतात आणि एकही शिजत नाही. ताटं येतात, ताटं जातात. ती आणते एलन. अख्ख्या पुस्तकात ती चारदा तोंड उघडते आणि चारही वेळा 'होय, मॅडम' म्हणते. आणि सातव्या जेवणाच्या आधी ही एलन लिओनोराचं चोरटं पत्र किटलीच्या वाफेवर धरून उघडते, वाचते, आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवून देते. का? बाईंनी कारण दिलंय, 'त्या वर्गाचं ते आंधळं कुतूहल.' तिथून घर मोडतं. सहा शिकलीसवरलेली माणसं सहा प्रकरणं एकमेकांना कुरतडत होती, त्यात कुणाचा दोष नाही. दोष किटलीचा आणि एलनचा.

या एलनच्या डाव्या मनगटावर इस्त्रीच्या टोकानं भाजल्याचा डाग आहे. 'फिकट चंद्रकोरीसारखा,' असं लिहिलंय. डाग माझा आहे. १९०९ चा, मिस्टर क्विल्टर यांच्या शर्टाचा. तेव्हा पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही, त्या घरात नऊ वर्षं होते असं मी सांगितलं की, माझी पुरती ओळख पटते.

फ्लोरीनं पत्र माझ्याकडून ऐकलं, हात पुसले. "मग गुरुवारी जा. मागच्या दारानं जाऊन स्वयंपाकिणीला गाठ, ती वर निरोप देईल."

"मागच्या दारानं नऊ वर्षं गेले."

"मग काय पुढच्या दारानं जाणार? राणीची मावशी लागून गेलीस?"

"गुरुवारी चार ते सहा त्यांचा भेटीचा दिवस. टोपी घालून, हातमोजे चढवून जी येईल ती पाहुणी. मी शेकड्यांनी आत सोडल्यात."

"तुझी टोपी बघून वाटेल, बिचारीची कोंबडी मेली."

"म्हणून तुझी नेणार आहे. काळी."

"ती माझी अंत्ययात्रेची आहे!"

"तीच बरी."

फ्लोरी खुर्चीवर बसली. ती घाबरली की बसते. "आणि त्या बाईनं विचारलं, तुम्ही कोण, तर गं?"

"विचारणार नाही."

"वा! कशावरून?"

"अगं, दिवाणखान्यात बसलेल्याला तुम्ही कोण असं विचारणं म्हणजे त्यांच्यात उघड्यानं फिरण्यासारखं. एकदा पियानो सुरात लावणारा माणूस चुकून चहाच्या वेळी आत शिरला. त्याला तीन कप चहा पाजला, ग्रीसच्या राजकारणावर मत विचारलं, दारापर्यंत पोचवलं. पियानो राहिला तसाच बेसूर. कुणीही त्याला विचारलं नाही, बाबा रे, तू कोण?"

फ्लोरी हसली तेव्हा मला कळलं, टोपी मिळाली.

गुरुवारी साडेचारला मी पायऱ्या चढून घंटा वाजवली. नऊ वर्षांत ती घंटा मी आतूनच ऐकली होती. बाहेरून ती फारच बारीक वाजते.

दार नव्या एलननं उघडलं. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई, कपाळावर मोलकरणीच्या टोपीची पांढरी झालर. "कुणाचं नाव सांगू, मॅडम?"

"मिस केझाया पमरी."

तिनं माझ्या बुटांकडे बघितलं. नोकर माणूस आधी बूट बघतं, आम्हाला टोपीनं फसवता येत नाही. ती ओठ न हलवता म्हणाली, "कुठे होतीस?"

"इथेच. तिसरी."

"मी पाचवी. घरी मॉड म्हणतात. कशाला आलीस मरायला?"

"दाखला न्यायला. मिस डनबार आल्यात?"

"उंच, करडा कोट, खिडकीपाशी. केकचे तीन तुकडे झाले, चौथ्यावर डोळा आहे." मॉडनं जिन्याकडे हात केला. "वरून तिसरी पायरी..."

"करकरते. माहितेय."

ती पुढे झाली, दिवाणखान्याचं दार उघडलं आणि आवाज बदलून मोठ्यानं म्हणाली, "मिस केझाया पमरी!" त्या घरात माझं नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं ते तेव्हा, पहिल्यांदा.

आत आठ-नऊ माणसं होती. पडदे बदलले होते, शेगडी तीच. मिसेस क्विल्टर उठून दोन्ही हात पुढे करून आल्या. केस कापून आखूड केले होते, बाकी तशाच, देखण्या आणि ताठ. त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे डोळे, माझं नाक, सगळं होतं जागेवर. फक्त डोक्यावर झालर नव्हती.

"मिस पमरी! किती दिवसांनी!"

"सहा वर्षांनी," मी म्हणाले.

"सहा! बघा ना, दिवस कसे जातात. आणि आई कशा आहेत तुमच्या? आता बऱ्या आहेत ना?"

माझी आई अकरा साली गेली. याच बाईंनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती आणि रात्रीच्या जेवणाला आठ माणसं आहेत याची आठवण केली होती.

"आता तिला काही त्रास नाही," मी म्हणाले.

"ऐकून फार बरं वाटलं," मिसेस क्विल्टर म्हणाल्या.

मी खिडकीजवळ मिस डनबार यांच्या शेजारची खुर्ची घेतली. त्या केकच्या चौथ्या तुकड्यात गुंतल्या होत्या, माझं नाव त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मॉडनं चहा आणून दिला. मी हातमोजे काढले नाहीत. मुद्दाम. समोर मिस्टर लीथ बसले होते. पुस्तकं कशी आहेत ते हे गृहस्थ मासिकांमधून लोकांना सांगतात. माझ्या हातून त्यांनी किमान दोनशे कप चहा घेतलाय. त्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "आम्ही कादंबरीचंच बोलत होतो. वाचलीत?"

"दोनदा."

"मग तुम्हीच सांगा. या सगळ्या नात्यांचा गाभा कुठे आहे? सगळे म्हणतात लिओनोरा आणि तो मित्र. मी म्हणतो, लिओनोरा आणि नणंद. त्या दोघी एकमेकींना जितक्या ओळखतात तितकं तिथे कुणीच कुणाला ओळखत नाही."

"मी म्हणते, एलन आणि टेबल."

ते हसले. आणखी दोघं हसली. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मिस्टर लीथ मिसेस क्विल्टर यांच्याकडे वळले. "वा! एलन आणि टेबल! रोझमंड, ऐकलंत का?"

"हसू नका," मिस डनबार म्हणाल्या. खणखणीत स्कॉटिश आवाज. "त्या एलनमुळेच मी आज इथे आलेय. मिसेस क्विल्टर, तुमच्या एलननं माझ्या वसतिगृहात कारभारणीच्या जागेसाठी अर्ज केलाय."

"कुठल्या एलननं?"

"आठ ते सतरा सालातली."

"अरे देवा. ती! कारखान्यात पळाली ती. घरात त्या आठवड्यात सोळा माणसं जेवायला, आणि ही आपली सूचना देऊन मोकळी." मिसेस क्विल्टर यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आपण घरं चालवणाऱ्या बायकांनाच हे दुःख कळायचं. मीही मान हलवली.

"माझ्याकडे चाळीस मुलींची पत्रं येतात," मिस डनबार म्हणाल्या. "ती हॉलमधल्या टेबलावर पडलेली असतात. म्हणून सरळच विचारते. ती पत्रं उघडून वाचायची का?"

या घरात असं सरळ कुणी विचारत नाही. 'होय' एवढा एक शब्द पुरे होता. माझी खोली, आतली कडी, ग्रंथालय, सगळं त्या बाईच्या जिभेवर होतं आणि बाई बिस्किट खात होती.

"पत्रं?" मिसेस क्विल्टर हसल्या. "छे हो! पत्रांकडे ती ढुंकूनही बघत नसे. ती पुस्तकं वाचायची."

"पुस्तकं?"

"माझ्या वडिलांची. ती त्या कपाटातली. धूळ झटकायला म्हणून काढायची आणि उभ्याउभ्या वाचायची. ती गेल्यावर कळलं मला. ग्रीकांच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात केसांची पिन मिळाली, पान दोनशे अकरा. आणि गंमत म्हणजे त्याआधीच्या खंडांची पानं बाबांनी कधी कापलीच नव्हती. छापखान्यातून आले तसेच जोडलेले कागद. बाबा आयुष्यभर त्या इतिहासाबद्दल बोलायचे! ती सगळी पानं हिनं कापली होती. स्वयंपाकघरातल्या सुरीनं. इतकी सुबक, की बघत राहावं."

कुणीतरी 'अय्या' म्हणालं. मिस डनबार यांनी केकची बशी खाली ठेवली.

"मग कादंबरीत ती पत्र का वाचते?"

"अहो, मोलकरीण ग्रीकांचा इतिहास वाचते असं लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला असता का? मी लिहून बघितलं होतं ना. सातव्या जेवणात. अजिबात पटेना. वाचक तिथेच पुस्तक मिटून ठेवेल. पण ती पत्र वाचते म्हटलं, की कसं एका क्षणात पटतं. शेवटी कला म्हणजे पटवणंच."

"अगदी खरं," मिस्टर लीथ म्हणाले.

माझा राग कसा येतो ते फ्लोरीला विचारा. तो वर चढत नाही, खाली उतरतो, पायांत. पाय जमिनीत रोवल्यासारखे होतात आणि मग मला कुणी हलवू शकत नाही. मी कप टेबलावर ठेवला. आधी उजवा हातमोजा काढला, मग डावा. आणि साखरेचं भांडं उचलून मिसेस क्विल्टर यांच्यापुढे धरलं, डावीकडून, खांद्यापासून एक वीतभर अंतर ठेवून, नऊ वर्षं धरत होते तसं.

त्यांनी चिमट्यानं साखर उचलली. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली आणि चिमटा हवेतच राहिला.

त्यांनी हात ओळखला. चेहरा बघून काही आठवलं नव्हतं त्या बाईला. हात मात्र एका क्षणात ओळखला. मग हळूहळू नजर वर आली, बाहीवरून, गळ्यावरून, टोपीपर्यंत, आणि रंग उतरला.

"एलन," त्या म्हणाल्या.

"केझाया पमरी. दारात सांगितलं होतं नाव."

मिस्टर लीथ यांच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला होता. मी म्हणाले, "जपून. त्या कपाचा कान बारा साली मी चिकटवलाय, कुणाला न सांगता." त्यांनी कप तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"विलक्षण!" ते म्हणाले. "हे तर तुमच्या पुस्तकातलंच दृश्य झालं, रोझमंड!"

"पुस्तकात मी चारदा बोलते," मी म्हणाले. "इथे माझं अजून चाललंय. मिसेस क्विल्टर, मला दाखला पाहिजे. आत्ता या सगळ्यांसमोर जे बोललात तेवढंच लिहा. कला नको त्यात."

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर घंटा वाजवून मला बाहेर काढली असती. पण घंटा वाजवली तर मॉड येणार. आणि मी पाहुणी. माझं नाव पुकारलं गेलं होतं, माझ्या आईची चौकशी झाली होती. पाहुण्याला हाकलण्याची रीत त्यांच्याकडे नाही, आणि रीत नसेल ते त्यांना करता येत नाही.

"अर्थात," मिसेस क्विल्टर म्हणाल्या. पाठ ताठच. "अर्थात. या ना."

त्यांचं लिहायचं टेबल पलीकडे कोपऱ्यात. मी त्यांच्या खांद्याशी उभी राहिले. चारशे पानं लिहिणाऱ्या बाईला चार ओळी लिहायला पाव तास लागला. मागे लोक हवेबद्दल बोलू लागले होते.

त्यांनी लिहिलं: 'केझाया पमरी माझ्याकडे नऊ वर्षं होत्या. स्वच्छ, प्रामाणिक, आज्ञाधारक.'

"आज्ञाधारक खोडा," मी म्हणाले. "मी आठ दिवसांत पळाले. आणि तो 'होत्या' आज कुठून आला?"

"मग काय लिहू?"

"घरातली पत्रं कधी उघडली नाहीत. पुस्तकं उघडली. तारखा घाला आणि सही करा."

त्यांनी लिहिलं. टाक खाली ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं असतं तर मी दिली असती पुस्तकं."

"दहा साली विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, एलन, डोळे दुखतील."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं असं मी मानते, "लिहिताना मी तुमचा चेहरा आठवायचा फार प्रयत्न केला. सगळ्यांचे आले. तुमचा येईना."

"म्हणून हात लिहिलेत."

"होय."

"हात चांगले लिहिलेत," मी म्हणाले, कारण ते खरं होतं. "किटली मात्र तुमची स्वतःची. ती माझ्या हातात देऊन तुम्ही सगळे सुटलात. पुस्तक पुन्हा छापाल तेव्हा ती काढून घ्या."

"छापलेलं बदलता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मग पुढचं लिहाल त्यात आधी भाजी चिरणारी घाला कुणीतरी."

टेबलाचा खण उघडून त्यांनी आतून काहीतरी काढलं आणि दाखल्यावर ठेवलं. काळी, मधे जरा वाकलेली केसांची पिन. सहा वर्षं त्यांनी ती ठेवली होती. का ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलं नाही. मी दोन्ही उचलून पर्समध्ये टाकलं, सगळ्यांना मान लवून निरोप घेतला आणि जिना उतरले. तिसरी पायरी करकरली. खाली मॉड कोट घेऊन उभी होती.

"मिळाला?"

"मिळाला."

"मलाही नेशील का गं तिकडे? मला पुस्तकं नकोत, पण कोळशाची बादली कुणीतरी वर नेऊन दिली तर बरं."

"तिथे चार मोलकरणी लागतात, एखादी जागा निघेलच. चाळीस मुली, चाळीस शेगड्या. बादली सुटायची नाही."

"पण मॉड म्हणतील ना?"

"मी म्हणेन."

मी पायऱ्या उतरत होते तेवढ्यात मागून मिस डनबार आल्या, कोटाची बटणं चुकीची लावत. "थांबा. दाखवा तो कागद."

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या वाचला. दोनदा. मग म्हणाल्या, "मिस पमरी, पंचवीस वर्षं मी मुलींना शिकवतेय, की छापलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवू नका. आणि मी स्वतः एक कादंबरी वाचून तुमचा निकाल लावला."

"लाज वाटायला हवी."

"वाटतेय." त्यांनी नजर चुकवली नाही. त्या एका गोष्टीसाठी मला ती बाई आवडली. "एक तारखेला या. हा कागद तुमच्याकडेच राहू द्या, माझ्या खणात नको." मग दोन पावलं चालून त्या वळल्या. "दोनशे अकराच्या पुढे वाचलंत का कधी?"

"डेप्टफर्डच्या वाचनालयात पहिले दोनच खंड आहेत. तिसरा चार सालापासून कुणीतरी परत केलेला नाही."

"आमच्याकडे आहे," मिस डनबार म्हणाल्या. "पण पानं कापलेली आहेत हं. तुमची मजा गेली."

एक तारखेला मी गेले. फ्लोरीनं टोपी परत घेतली नाही, म्हणाली, तूच ठेव, माझ्याकडे कुणी मरत नाहीये. आठवडा चादरींच्या घड्या बघण्यात आणि चाळीस मुलींची तोंडं लक्षात ठेवण्यात गेला. तोंडंच, नावासकट. मॉड पुढच्या महिन्यात आली.

पहिल्या रविवारी दुपारी मुली फिरायला गेल्यावर मी ग्रंथालयात गेले, तिसरा खंड काढला आणि पान दोनशे अकरा उघडलं. सहा वर्षांपूर्वी अथेन्सची सगळी फौज सिसिलीतल्या एका बंदरात अडकलेली होती. बंदराच्या तोंडाशी शत्रूनं साखळदंड बांधले होते, आणि खालून घंटा वाजली म्हणून मी पिन घालून पुस्तक मिटलं होतं. कारखान्यात गोळे भरताना, रेल्वेच्या खानावळीत भांडी घासताना कितीतरी वेळा मनात यायचं, सुटली असतील का ती माणसं?

नाही सुटली. जहाजं बंदरातच फुटली. जी माणसं पायी निघाली ती नदीत पाणी पिताना मारली गेली, आणि उरली ती दगडांच्या खाणीत कोंडून घातली, उन्हात, दिवसाला पेलाभर पाण्यावर. मी प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. खंड जागेवर ठेवला, पिन केसांत खोचली आणि सोमवारच्या चादरी काढायला खाली गेले.